‘साठी बुद्धि नाठी’ या म्हणीची झडती

‘साठी बुद्धि नाठी’ ही म्हण आपल्या घरोघर इतकी सहज उच्चारली जाते कीं, तिच्याआड एक व्याधि दडलेली असूं शकते हें कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. मी स्वतः साठी ओलांडलेला. तेव्हां या झडतींत माझा थोडा स्वार्थ आहे.

१९०६ सालीं जर्मनींत डॉ. आल्झायमर यांनीं एका स्मृतिभ्रष्ट स्त्रीच्या मेंदूंतील विकृति विद्वानांपुढें मांडली. ती बाई रुग्णालयांत आली तेव्हां अवघी ५१ वर्षांची होती! दोष वयाचा नव्हे, रोगाचा होता. तथापि आपल्याकडे तिकडे लक्ष कोण देणार? १९४१ ते १९५० या दशकांत हिंदुस्थानांत सरासरी आयुर्मान सुमारें ३२ वर्षें होतें. पोरें दगावत असतां आजोबांच्या विसराळूपणाची दखल कोण घेतो! आज तें आयुर्मान दुपटीहून अधिक झालें आहे.

आमची शाहूपुरी १८९५ सालीं वसली. पुढच्याच वर्षीं इटलींत रिव्हा-रोची या डॉक्टरांनीं दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचें सुटसुटीत यंत्र काढलें. या पट्ट्याचें मोल कळावयास अर्धशतक लागलें. १९४८ पासून अमेरिकेंतील फ्रेमिंगहॅम गांवच्या ५,२०९ चालत्याबोलत्या स्त्रीपुरुषांची वर्षानुवर्षें तपासणी झाली, तेव्हां वाढलेला दाब हाच अर्धांगवायूचा मोठा अग्रदूत, असें ठरलें. शिवाय न जाणवणारे बारीक आघात मेंदूवर होत राहिले कीं स्मृतीही झिजते.

आपल्याकडे देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनें २०१७-१८ त पंचेचाळिशीपुढील सुमारें ७२,००० लोकांची पाहणी केली. तिला जोडून कांहीं वृद्धांच्या स्मरणशक्तीची बारकाईनें परीक्षा झाली. त्यावरून देशांत साठीपुढील शंभरांत सुमारें सात जणांस स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज निघाला. सात म्हणजे सारे नव्हेत, हें म्हण वापरणारांनीं ध्यानांत ठेवावें.

या पाहणींतील एक गोष्ट मला मास्तर म्हणून विशेष वाटली. शाळा न पाहिलेल्यांत हा रोग अधिक आढळला. शिकलेला मेंदु झीज अधिक काळ सोसतो, असें संशोधक मानतात. शाहू महाराजांनीं १९१७ सालीं करवीरांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें, तेव्हां वार्धक्याचीही ही तरतूद होत आहे हें कोणास ठाऊक होतें!

स्त्रियांत हें प्रमाण पुरुषांहून जास्त निघालें. माझ्या नोकरीच्या आरंभीं सातवीनंतर मुलींचे बांक रिकामे पडत. त्यांतल्या पुष्कळ जणी आतां साठीकडे आल्या आहेत.