एक कप चहा आणि कोल्हापूरची पंगत

१/ कोल्हापूरच्या जेवणाचा विषय निघाला की चर्चा तिखटापाशी सुरू होते आणि बहुधा तिखटापाशीच संपते. तांबडा, पांढरा, मिसळ, घाम, डोळ्यांतले पाणी. आजच्या धाग्यात ताटातील पदार्थांची माहिती येईलच. परंतु मुख्य प्रश्न निराळा आहे. या शहरात कोणाच्या ताटाशेजारी कोणाचे ताट मांडले जात होते, आणि ही मांडणी कशी बदलली? #धागा

२/ सुरुवात कसबा बावड्यापासून करू. कोल्हापूरच्या उत्तरेस, पंचगंगेकाठचे हे गाव आता शहरातच मिसळून गेले आहे. येथील लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये २६ जून १८७४ रोजी कागलकर घाटगे घराण्यातील यशवंतरावांचा जन्म झाला. १८८४ मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. आपण त्यांना राजर्षी शाहू छत्रपती म्हणून ओळखतो. या कथेत ते पुन्हा येतील, आणि हातात चहाचा कप घेऊन येतील.

३/ प्रथम ताट पाहू. जिल्ह्याच्या पश्चिमेस डोंगर व मुबलक पाऊस, म्हणून तेथे भात आणि नाचणी. पूर्वेकडे पाऊस कमी होत जातो आणि ज्वारी दिसू लागते. नदीकाठच्या काळ्या जमिनीत ऊस. दारात म्हैस. भाकरी, भात, गूळ आणि दूध हा येथल्या आहाराचा पाया भूगोलानेच घालून दिलेला आहे.

४/ आता तिखट. ज्या मिरचीवर कोल्हापूरची ओळख उभी आहे ती मूळची अमेरिका खंडातील. पोर्तुगिजांमार्फत ती सोळाव्या शतकात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. त्याच शतकात, १५६५ पासून, स्पॅनिश जहाजे मेक्सिकोतील आकापुल्को आणि फिलिपिन्समधील मनिला यांच्या दरम्यान ये-जा करू लागली आणि अमेरिकेतील अनेक पिके पॅसिफिक ओलांडून आशियात आली. आज ‘अस्सल पारंपरिक’ म्हणून मिरवणाऱ्या कित्येक चवी अशा जहाजांतून आलेल्या आहेत.

५/ घाट चढून आलेल्या या परदेशी मिरचीला येथल्या स्त्रियांनी आपलेसे केले. रंगासाठी ब्याडगी, तिखटपणासाठी संकेश्वरी किंवा लवंगी. उन्हाळ्यात मिरच्या वाळवायच्या, खोबरे, तीळ, धणे, खडा मसाला भाजायचा, कांदा-लसूण घालून सारे डंकावर कुटून आणायचे आणि बरणीत वर्षभरासाठी भरून ठेवायचे. बाहेरगावचे लोक याला कांदा-लसूण मसाला म्हणतात. कोल्हापुरात ती नुसती ‘चटणी’.

६/ तांबडा आणि पांढरा रस्सा राजवाड्याच्या मुदपाकखान्यातून बाहेर आला असे सांगितले जाते. त्यामागचे पाकशास्त्र मात्र अगदी काटकसरीचे आहे. मटण शिजवायचे, त्याचे अळणी पाणी बाजूला काढायचे. निम्म्यात चटणी-खोबऱ्याचे वाटण पडले की तांबडा. निम्म्यात नारळाचे दूध, खसखस, काजू पडले की पांढरा. फोडी सुक्क्यात. मटणाच्या एका पातेल्यातून तीन पदार्थ निघतात आणि थोड्या मटणात मोठी पंगत उठते.

७/ गोडाची बाजू गुळाने सांभाळली. काहिलीत उसाचा रस आटवून गुऱ्हाळघरात तयार होणाऱ्या गुळाला हक्काची बाजारपेठ मिळावी म्हणून शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसवली. त्याआधी चार वर्षे, १८९१ मध्ये, मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली होती. पेठ आणि रेल्वे यांच्या जोडीने कोल्हापुरी गूळ दूरदूर पोहोचला. २०१४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

८/ येथपर्यंतचा इतिहास अभिमानाने सांगता येतो. आता अवघड भाग. हे सारे अन्न एकाच मातीत पिकत होते, तरी ते एकत्र बसून खाल्ले जात नव्हते. रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार ही जातीची दोन कुंपणे. कोणाच्या हातचे पाणी चालते, कोणाच्या घरचे शिजवलेले अन्न चालते, पंगतीत कोणी कोठे बसावे, हे ठरलेले असे. काहींना तर पंगतीत जागाच नव्हती.

९/ हे कुंपण किती काटेरी होते, हे कळण्यासाठी क्षणभर पुण्याला जाऊ. १८९० मध्ये पंच हौद मिशनच्या एका कार्यक्रमात शहरातील नामवंत मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापली गेली आणि गदारोळ उठला. त्यात न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. अनेकांना प्रायश्चित्त घ्यावे लागले, रानड्यांनीही घेतले.

१०/ लक्षात घ्या, ही मंडळी समाजाच्या वरच्या पायरीवर होती. न्यायाधीशही एका कपाच्या हिशेबातून सुटले नाहीत. मग ज्यांना सार्वजनिक पाणवठ्यालाही हात लावण्याची मुभा नव्हती, त्यांच्या वाट्याला काय येत असेल? हा प्रश्न मनात ठेवून कोल्हापूरला परत येऊ.

११/ शाहू महाराजांना हा प्रश्न प्रथम वसतिगृहाच्या रूपाने भेटला. १८९६ मध्ये त्यांनी सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एकत्र वसतिगृह चालवून पाहिले. त्याचा लाभ मुख्यतः उच्चवर्णीयांनाच मिळत राहिला. इतर मुले तेथे टिकेनात. शिक्षणाची वाट स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी अडत होती.

१२/ म्हणून त्यांनी मार्ग बदलला. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. कोल्हापूरला ‘वसतिगृहांची जननी’ म्हटले जाते ते यामुळे. जातवार वसतिगृहे काढल्याबद्दल त्यांच्यावर टीका होते. पण खेड्यातून आलेल्या मुलाला दोन वेळचे जेवण अपमानाविना मिळाले तरच तो शाळेत राहील, हे त्यांनी ओळखले होते.

१३/ याच सुमारास एक नवे पेय रुजत होते. १९०३ च्या कायद्याने चहावर उपकर बसवला आणि त्या पैशातून चहाचा प्रसार होऊ लागला. शहरांत चहाची दुकाने वाढली. चहाच्या दुकानात पैसे टाकणारा कोणीही गिऱ्हाईक, निदान तत्त्वतः. प्रत्यक्षात अस्पृश्य मानलेल्यांना बाहेर उभे राहावे लागे आणि त्यांच्यासाठी कपबशी वेगळी ठेवली जाई. दुकान आधुनिक होते, नियम जुनेच होते.

१४/ आता या कथेचा नायक. गंगाराम कांबळे. संस्थानच्या पागेत नोकरीस असलेला, अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतील तरुण. मराठा नोकरांसाठी राखलेल्या हौदाचे पाणी घेतले म्हणून त्याला बेदम मारहाण झाली. हे कळताच महाराजांनी मारणाऱ्यांना कठोर शिक्षा केली. तेथेच प्रकरण मिटवता आले असते. मिटवले नाही.

१५/ महाराजांनी गंगारामांना नोकरीतून मोकळे केले आणि स्वतंत्र धंद्यासाठी भांडवल दिले. भाऊसिंगजी रोडसारख्या रहदारीच्या रस्त्यावर गंगारामांनी हॉटेल काढले. नाव ठेवले ‘सत्यसुधारक’. ज्याच्या स्पर्शाने पाणी बाटते असे मानले जात होते, तो आता गावाला चहा देणार होता. गाव पिणार का?

१६/ सुरुवातीला गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराजांची गाडी फेरफटक्याला निघाली की ‘सत्यसुधारक’पाशी थांबू लागली. छत्रपती चहा मागवीत आणि पीत. सोबतच्या मानकऱ्यांनाही देववीत. छत्रपतींनी घेतलेला चहा नाकारणार कोण? महाराजांची काही लेखी कामे असत, सह्या व्हायच्या असत, तर मंडळींना तेथेच गाठावे लागे. हळूहळू हॉटेल चालू लागले.

१७/ या घटनेकडे राजाचा उदारपणा म्हणून पाहिले की तिचे निम्मे मोल हरवते. गंगारामांनी भीक मागितली नाही, व्यवसाय केला. रोज सकाळी दार उघडून, गिऱ्हाईक येईल की नाही याची खात्री नसताना चूल पेटवली. त्या रस्त्यावर मार खाल्लेल्या माणसाने ताठ मानेने उभे राहणे, हे धाडस कपातल्या चहाइतकेच महत्त्वाचे आहे.

१८/ १९१९ मध्ये कोल्हापूर संस्थानात विहिरी, धर्मशाळा, दवाखाने, शाळा अशा सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळण्यास मनाई करणारे आदेश निघाले. मार्च १९२० मध्ये माणगाव परिषद भरली. तेथे महाराजांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नेतृत्व जाहीरपणे मानले आणि रजपूतवाडीच्या आपल्या कॅम्पवर भोजनाचे आमंत्रणही भर सभेत दिले. एकांतातले जेवण आणि सभेत दिलेले आमंत्रण, यांतला फरक दोघांनाही पुरता ठाऊक होता.

१९/ तीस वर्षांनी भारताची राज्यघटना अमलात आली. तिचा अनुच्छेद १५(२) काढून वाचा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले येथे प्रवेशास कोणालाही अडवता येणार नाही, असे तो सांगतो. मूलभूत हक्कांच्या गंभीर मजकुरात हॉटेलाचा उल्लेख कशाला, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांना ‘सत्यसुधारक’ची गोष्ट सांगावी.

२०/ आज बावड्यात सकाळी मिसळीच्या बाकावर बसून पाहा. ‘बावडा मिसळ’ हे नाव गावाच्या वेशीबाहेर केव्हाच गेले आहे. मोड आलेली मटकी, फरसाण, कांदा, वरून लालभडक कट आणि सोबत पावाऐवजी ब्रेडचे काप. शेजारी कारखान्याचा कामगार, कॉलेजचा विद्यार्थी, तालमीतून आलेला पैलवान. शेजाऱ्याचे आडनाव विचारल्याशिवाय आपण ‘कट द्या’ म्हणतो. ही सहजता शंभर वर्षांच्या झगड्याने कमावलेली आहे.

२१/ हॉटेलचे दार कायद्याने उघडता येते. घराचे दार कोणता कायदा उघडणार? म्हणून आता सणांकडे वळू. आषाढात बेंदूर: कुंभाराकडून मातीचे बैल आणून पुजायचे, गुळाची पुरणपोळी आणि कटाची आमटी करायची. आषाढातच त्र्यंबोलीची यात्रा: ‘पी ढबाक’च्या तालावर पंचगंगेचे नवे पाणी टेंबलाईच्या टेकडीवर न्यायचे, आणि मग गल्लोगल्ली मटणाचे बेत.

२२/ मार्गशीर्षात रेणुकेची आंबील यात्रा. सौंदत्तीहून भाविक परतले की ओढ्यावरच्या रेणुका मंदिरात नैवेद्य चढतो: आंबील, बाजरीची भाकरी, वरण्या-वांग्याची भाजी, वडी, कांद्याची पात, गाजर. नैवेद्य दाखवून झाला की भाविक तेथेच गोलाकार बसून डबे उघडतात. मुदपाकखान्याशी काडीचा संबंध नसलेले हे शेतकऱ्याचे अन्न देवीलाही चालते, हे विशेष.

२३/ पण जुन्या गावगाड्यात सणाच्या दिवशी आणखी एक दृश्य असे. घरातली पंगत उठली की उरलेसुरले अन्न महार-मांग कुटुंबांना वाढले जाई, आणि त्याला ‘हक्क’ असे गोंडस नाव होते. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी उष्टे अन्न आणि मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले. भुकेल्या माणसाने मिळणारे अन्न नाकारणे हेही आपल्या खाद्य-इतिहासातील एक पर्व आहे.

२४/ पंगतीची आणखी एक रेघ घरातच होती. पुरण वाटणारी, पहाटेपासून चुलीपुढे असलेली बाई शेवटी जेवत असे. बऱ्याच घरांत अजूनही जेवते. आणि हिवाळ्यात बावड्याच्या वाटेने उसाच्या बैलगाड्या राजाराम कारखान्याकडे जातात, तेव्हा तो ऊस तोडणारी बाई रात्र सरण्याआधी कोपीत भाकऱ्या थापून फडात उतरलेली असते. आपल्या सणाची साखर तिच्या हातून येते. आपल्या सणाचे आमंत्रण तिच्यापर्यंत जात नाही.

२५/ म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्यांना एक काम सुचवतो. पाककृती लिहून घेणारे पुष्कळ आहेत. आपण पंगती लिहून घेऊ. आजीला विचारा: तुमच्या लहानपणी जत्रेला घरी कोण कोण जेवायला येई? कोण ओसरीवर बसे, कोण अंगणात, कोणाला पदरात वाढले जाई? कोणाचा कप वेगळा होता आणि तो कोठे ठेवलेला असे? तुम्ही स्वतः केव्हा जेवत होता?

२६/ उत्तरे तारखेनिशी, गावाच्या नावानिशी वहीत उतरवा. दप्तरखान्यात आदेश सापडतात, पण ते कितपत पाळले गेले याची नोंद घराघरांतील आठवणींत असते. त्या आठवणी सांगणारी पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. येत्या जत्रेला मटण खायला जाल तेव्हा वही सोबत न्या, आणि काय सापडले ते या धाग्याखाली जरूर लिहा.