गाठ तुमची, बोलणेही तुमच्याशीच

१९४१ चा मार्च. पनवेलला अजून आगगाडी आलेली नाही. सर्व्हिस मोटारीने ठाणे, तिथून लोकलने परळ. छातीतली गाठ पदराखाली झाकून तुम्ही निघाला आहात. बरोबर यजमान आणि इंग्रजी जाणणारे धाकटे दीर. २८ फेब्रुवारीला उघडलेले टाटा मेमोरियल रुग्णालय अजून कोरे करकरीत आहे. मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यांच्यामागे पती सर दोराबजींनी मनात धरलेले हे काम. इथे रेडियम आहे, गाठीचा तुकडा पारखणारे डॉ. खानोलकर आहेत. अशी सोय देशात दुर्मीळच.

तपासणी होते आणि डॉक्टर दीरांना व्हरांड्यात नेतात. दारातून त्यांचे ओठ हलताना दिसतात, शब्द येत नाहीत.

"काही नाही वहिनी, साधी गाठ आहे."

परतताना यजमान एक शब्द बोलत नाहीत. तेवढ्यावरून तुम्हाला सगळे कळते. त्यांची माया खरी आहे, पण पुढचे कित्येक महिने तुम्ही खोलीत आलात की कुजबुज थांबते, आणि तुम्हीही काही ठाऊक नसल्यासारखे वागता. लेकीला कुणी सांभाळायचे, पाटल्या कुणाला द्यायच्या, हे बोलायचे राहूनच जाते. दुखण्याहून हे एकटेपण माणसाला जास्त पोखरते, असे मला ठामपणे वाटते.

आता १९७६. वाशीच्या खाडीवर तीन वर्षांपूर्वी पूल झाला आहे. एसटी तुम्हाला थेट मुंबईत आणते. कागदावर सही घेतात, भूल देतात. शुद्धीवर येताच हात आपोआप छातीकडे जातो. पट्टीखाली सपाट आहे. त्या काळी जगभर ही रीत चालते: भुलीतच तुकडा तपासायचा आणि कर्करोग निघाला तर तिथल्या तिथे स्तन काढायचा. १९८५ मध्ये बर्नार्ड फिशर यांच्या अमेरिकेतल्या अभ्यासाने दाखवले की लहान गाठींत फक्त गाठ काढून किरणोपचार दिले तरी बायका तितक्याच जगतात. निवड शक्य झाली, पण निवडणाऱ्या बाईला ती सांगायला हवी ना!

१६ जानेवारी २००८. सर्वोच्च न्यायालयात तुम्ही मागच्या बाकावर बसला आहात. दिल्लीतल्या एका बाईला फक्त तपासणीसाठी भूल दिली होती; ती बेशुद्ध असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजांडे काढली गेली. कर्करोगाचा हा खटला नव्हे, पण निकाल तुमच्याही कामाचा आहे. तपासणीला दिलेली संमती उपचाराला लागू होत नाही. जीव वाचवण्याची निकड असेल तरच अपवाद. उपचाराचा हेतू, फायदे, धोके, दुसरे पर्याय आणि नकार दिल्यास काय होईल, हे रुग्णाला सांगितलेच पाहिजे.

आणि आज. पनवेल लोकलच्या दिव्यांग आणि कर्करुग्णांच्या डब्यात तुम्हाला जागा मिळाली आहे. खारघर तिसरे स्टेशन; टाटाचेच अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग केंद्र तिथे आहे. लेकीच्या हातात वही. डॉक्टर बोलू लागतात, लेकीकडे बघून. तुम्ही म्हणता, "डॉक्टर, मला सांगा." खुर्ची तुमच्याकडे वळते.

वहीतले प्रश्न एकेक निघतात. हा उपचार बरे करण्यासाठी की त्रास कमी करण्यासाठी? स्तन वाचेल का? हात सुजला तर काय करायचे? खर्च किती, सरकारी योजनेत किती बसेल? मधेच थकवा येतो. "आज एवढेच पुरे," असे म्हणण्याचा हक्कही तुमचाच, आणि तो घरच्यांनी मानायला हवा.

उठण्यापूर्वी फाइलची प्रत मागा. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला ती लागेल. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावेत, असे डॉक्टरांच्या २००२ च्या आचारनियमांत लिहिलेले आहे.