दुहेरी बॅटरी व्यवस्था (वाहनांतील)

वाहनात इंजिन सुरू करण्यासाठी एक (मुख्य) व इतर उपकरणांसाठी दुसरी (साहाय्यक) बॅटरी बसवून, इंजिन चालू असताना दोन्ही चार्ज करण्याची आणि ते बंद असताना त्या परस्परांपासून अलग ठेवण्याची विद्युत् योजना. कॅम्परव्हॅन, रुग्णवाहिका व मोटरबोटी यांत ती आढळते.

मुख्य बॅटरीतील पातळ प्लेटा काही सेकंद शेकडो अँपिअर प्रवाह देऊ शकतात. मात्र वारंवार पूर्ण उतरल्यास ही बॅटरी लवकर निकामी होते. साहाय्यक बॅटरी ‘डीप सायकल’ प्रकारची असल्याने तासन्‌तास थोडाथोडा प्रवाह देऊ शकते. दोन्ही कायम जोडलेल्या असतील, तर रात्रभर चाललेला फ्रिज दोन्ही उतरवतो आणि सकाळी सेल्फ मारूनही गाडी सुरू होत नाही.

अलगीकरणाच्या पद्धती : (१) हाती स्विच : सर्वांत स्वस्त, पण तो बंद करायला चालक विसरला, तर व्यवस्थेचा हेतूच फसतो. (२) डायोड : प्रवाह एकाच दिशेने जाऊ देतो, परंतु सिलिकॉन डायोडवर सु. ०.७ व्होल्ट खर्ची पडतात. त्यामुळे अल्टरनेटर १४.२ व्होल्ट देत असला, तरी बॅटरीला १३.५ व्होल्टच मिळतात व ती पूर्ण भरत नाही. (३) व्होल्टेज-संवेदी रिले : साधारणपणे १३.३ व्होल्टला जोडणी करतो व १२.८ व्होल्टच्या खाली ती तोडतो. (४) डीसी-डीसी चार्जर : आलेले व्होल्टेज कमीअधिक करून बॅटरीच्या प्रकारानुसार चार्जिंग करतो.

इंधनबचतीसाठी मुद्दाम व्होल्टेज उतरवणाऱ्या आधुनिक अल्टरनेटरच्या गाड्यांत साधा रिले मध्येच सुटतो. लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध अत्यल्प असल्याने ती भरमसाट प्रवाह ओढते आणि अल्टरनेटर तापतो; इंजिन कमी वेगावर असताना हा धोका अधिक. या दोन्ही ठिकाणी प्रवाहावर मर्यादा घालणारा डीसी-डीसी चार्जरच वापरावा लागतो.

वायरची जाडीही निर्णायक ठरते. ५ मीटर लांबीच्या तांब्याच्या वायरीतून ४० अँपिअर प्रवाह नेताना ६ चौ. मिमी. छेदाच्या वायरीत सु. ०.६ व्होल्ट घटतात, तर १६ चौ. मिमी. वायरीत ०.२५ व्होल्टपेक्षाही कमी. जोडवायरीच्या दोन्ही टोकांना बॅटरीलगत फ्यूज आवश्यक असतो, कारण शॉर्ट झाल्यास प्रवाह दोन्हीकडून येतो.