ऊतीची साक्ष

पवईच्या तळ्याकाठी, आय. आय. टी.च्या प्रयोगशाळेत, आज मानवी ऊतींतील प्रथिनांचे वस्तुमान मोजून कर्करोगाचा माग काढला जातो. अंधेरी-घाटकोपरच्या आम्हां उपनगरवासीयांना ते ठिकाण हाकेच्या अंतरावर. पण मुंबईतील या विद्येची वाट निघाली परळहून.

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले आणि तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकरांकडे आली. गाठीतून काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये मुरवायचा, अल्कोहोलने त्यातील पाणी काढायचे, तो मेणात बसवायचा, कागदाहून पातळ काप काढून रंगवायचा आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, असा तो खटाटोप. येथे हयगय झाली तर निदान चुकते. आणि त्या निदानावर तर एखाद्या घरचा कर्ता माणूस अवलंबून!

खानोलकर कापापाशी थांबले नाहीत. रोग नेमका याच जागी का, हे त्यांनी विचारले. धोतराची गाठ वर्षानुवर्षे कमरेला काचते तेथे, आणि पेटते टोक तोंडात धरून चुट्टा ओढणाऱ्यांच्या टाळूवर, कर्करोग उद्भवतो, हे १९४५ साली त्यांनी जगापुढे मांडले. त्यांच्या शिष्या डॉ. कमल रणदिवे बाल्टिमोरला शिकून आल्या आणि ऊती काचपात्रात जिवंत वाढविणारी भारतातील पहिली प्रयोगशाळा त्यांनी येथे उभारली.

मेणाच्या रीतीत एक उणीव होती. अल्कोहोल आणि झायलीन तुकड्यातील चरबी धुऊन नेतात. आकार राहतो, पण रसायनांची हकीकत पुसट होते. १९९७ साली अमेरिकेत रिचर्ड कॅप्रिओली यांनी निराळा मार्ग दाखविला. आता तुकडा तत्काळ गोठवितात, मिलीमीटरच्या शंभराव्या हिश्शाइतका पातळ काप काढतात व त्यावर एका स्फटिकी द्रव्याचा तुषार उडवितात. लेसरचा किरण ठिपक्याठिपक्याने फिरतो, रेणू उडतात, यंत्र त्यांचे वस्तुमान टिपते, आणि साऱ्या ठिपक्यांची मिळून जणू रांगोळी उमटते. मात्र तुषार अंमळ ओला पडला, की ओल्या अंगणातल्या रांगोळीसारखे रेणू फिसकटतात. मग लाखमोलाचे यंत्रही खोटी साक्ष देते.

खानोलकर १९७८ साली गेले, रणदिवेबाई २००१ साली. यंत्रे बदलली, परंतु हाती आलेला तुकडा ही रोग्याची ठेव आहे, ती जिवापाड जपावी, हा परळचा धडा जुना झालेला नाही.