मुरुमाचा हिशेब

परवा गावी जाऊन आलो. निमित्त तसे साधेच. आमच्या माळाला लागून मुरुमाची एक जुनी खाण आहे. ती आता वाढवायची म्हणतात, आणि वाढणार ती आमच्या सामाईक एक एकरात. पुतण्याचा फोन आला, "आप्पा, तुमचीही सही लागते. मुरूम काढून झाला की खड्डा बुजवून सपाट जमीन परत देणार आहेत. नाहीतरी माळावर काय पिकतंय?" मी म्हटले, "सहीचे नंतर बघू. आधी खाण बघून येऊ."

खाणीच्या कडेला उभा राहिलो. वर वीतभर माती, तिच्याखाली पिवळसर मुरमाचा थर, तळाशी काळा कातळ आणि एका कोपऱ्यात साचलेले हिरवे पाणी. ते पाहून मला एकदम कांदिवली आठवली.

माझी सगळी मास्तरकी कांदिवलीत गेली, हे घरच्यांना ठाऊक आहेच. १९७५ साली बिऱ्हाड केले तेव्हा शेजारचे एक म्हातारबाबा सांगत, "आमचा डोंगर गाडीत बसून मुंबईला गेला." मला ती थट्टा वाटे. पुढे वाचत गेलो तसे कळले, की ते अक्षरशः खरे बोलत होते.

मरीन ड्राइव्हवर फिरायला जाणाऱ्यांना तो रस्ता समुद्रात भर घालून झाला एवढे माहीत असते. पण ती भर आली कुठून? बॅकबेचा समुद्र हटवण्याची हौस जुनी आहे. १८६० च्या दशकात कापसाच्या तेजीत त्यासाठी एक कंपनीच निघाली होती. अमेरिकेतले यादवी युद्ध १८६५ साली संपले, कापसाचे भाव कोसळले आणि कंपनीही बुडाली. पुढे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० साली, सरकारने स्वतःच विकास खाते काढून हे काम हाती घेतले. कुलाब्यापासून मरीन लाइन्सच्या बाजूपर्यंत ११४५ एकर नवी जमीन करायची असा बेत होता.

पद्धत ऐकायला सोपी होती. आधी समुद्रात दगडी भिंत घालायची. मग पूर्वेच्या बंदरातला गाळ यंत्राने उपसून नळातून कुलाब्यापलीकडे आणायचा आणि भिंतीच्या आत सोडायचा. भिंतीसाठी दगड लागला, तो कांदिवलीच्या पूर्वेच्या टेकड्या सुरुंगांनी फोडून मालगाड्यांनी नेला. गाळ उपसणाऱ्या जहाजाला तर गव्हर्नरसाहेबांचेच नाव दिले होते!

पण गाळ काही कागदावरच्या हिशेबाने निघेना. उपशाचा वेग अंदाजापेक्षा फारच कमी पडला. जो आत पडला त्यातला काही भिंतीच्या फटींतून पुन्हा समुद्रात जाऊ लागला. खर्च मात्र चढतच राहिला. मग बॅरिस्टर खुर्शेद नरीमन यांनी मुंबईच्या कायदेमंडळात हा विषय लावून धरला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की काम सुरू करण्याआधी नीट मोजले होते का, आणि आता जे चालले आहे त्याचा हिशेब कोण देणार? त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला झाला, त्यात ते निर्दोष सुटले. १९२६ साली सर ग्रिमवुड मिअर्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. अखेर ११४५ एकरांपैकी सुमारे ४४० एकरच पदरात पडले. त्यातही काही भाग ओल्या गाळाचा नाद सोडून सुक्या मुरमाने भरावा लागला. लोक या सगळ्याला 'लॉइडचा खुळेपणा' म्हणत. गंमत पहा, स्वातंत्र्यानंतर उरलेल्या समुद्रात पुन्हा भर पडली आणि त्या जमिनीला नाव मिळाले नरीमन पॉइंट!

समुद्राकडच्या जमिनीचा हिशेब असा पै-पैने मांडला गेला. चौकशी झाली, खटला झाला. कांदिवलीच्या टेकडीचा हिशेब मात्र कुणी मागितल्याचे माझ्या वाचनात नाही. १९३० च्या दशकात टॉड नावाच्या एका नौदल अधिकाऱ्याला याच कांदिवली परिसरात अश्मयुगीन दगडी हत्यारे सापडली. त्यावर त्यांनी १९३९ साली शोधनिबंध लिहिला. म्हणजे मुंबईचा सर्वात जुना माणूस आमच्या पायाखालीच होता म्हणायचा. मालगाड्या भरभरून गेल्या त्यांत काय काय गेले असेल, कोण जाणे.

असो. खाणीवरून घरी आल्यावर पाटी-पेन्सिलीचा जुना विद्यार्थी जागा झाला. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. दहाच फूट खोल खणले तरी ४,३५६ ब्रास होतात, कारण एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. म्हणजे चार ब्रासच्या गाडीच्या १,०८९ खेपा. नेताना त्या नक्की होतील, कारण प्रत्येक खेपेचे पैसे मिळतात. भरून द्यायला तेवढ्याच खेपा उलट्या कोण करणार, आणि कशाने भरणार?

मी पुतण्याला एका कागदावर चार प्रश्न लिहून दिले. किती फूट खणणार? वरची माती वेगळी कुठे रचून ठेवणार? खड्डा कशाने आणि किती दिवसांत भरणार? नाही भरला तर जबाबदार कोण? आजचे नियमही खाणपट्ट्यासाठी पर्यावरण परवानगी मागतात. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांहून लहान खाणींनाही ती लागते असे बजावले आहे. तेव्हा तो कागदही दाखवा, असे खाली लिहिले.

पुतण्या जरा हिरमुसला. म्हणाला, "आप्पा, एवढं कुणी विचारत नाही हो." मी म्हटले, "म्हणूनच विचारतोय, बाळा."

अजून उत्तर आलेले नाही, तोवर माझी सहीही नाही. घरच्या मंडळींनी हे वाचून रागावू नये. माळावर काही पिकत नाही हे मलाही कबूल आहे. पण आमच्या वडिलांची गुरे तिथेच चरली, आणि खाली शेजाऱ्यांच्या विहिरीला पाणी येते ते या माळावर मुरलेल्या पावसाचेच.