कोलार गोल्ड फील्ड्स (केजीएफ)

कर्नाटक राज्याच्या कोलार जिल्ह्यातील सोन्याच्या खाणींचे एकेकाळचे प्रसिद्ध शहर. हे बंगळूरच्या पूर्वेस सुमारे १०० किमी. आणि कोलारच्या आग्नेयीस सुमारे ३० किमी. अंतरावर, आंध्र प्रदेशाच्या सीमेजवळ वसले आहे. रॉबर्टसनपेट, अँडरसनपेट, उरगाम, चॅम्पियन रीफ, मारिकुप्पम, कोरोमंडल अशा वस्त्या मिळून हे शहर बनले. बंगारपेट जंक्शनहून मारिकुप्पमपर्यंत लोहमार्गाचा फाटा येतो.

इतिहास : येथे गावकरी फार पूर्वीपासून सोने काढत असत. १८०२ मध्ये लेफ्टनंट जॉन वॉरन याने उरगाम व मारिकुप्पम परिसरात माती धुऊन सोने वेगळे करणारे आणि अरुंद विवरांत उतरून दगड वर आणणारे लोक पाहिले. त्याच्या लिखाणावरून मायकेल लव्हेल या निवृत्त सैनिकाने १८७३ मध्ये म्हैसूर सरकारकडे खाणकामाचा परवाना मागितला. १८८० पासून लंडनच्या ‘जॉन टेलर अँड सन्स’ने येथे पद्धतशीर खाणकाम सुरू केले. म्हैसूर, चॅम्पियन रीफ, नंदीदुर्ग आणि उरगाम या प्रमुख खाणी होत्या. कावेरीवरील शिवसमुद्रम येथे तयार झालेली वीज १९०२ मध्ये सुमारे १४७ किमी. लांबीच्या तारांवरून येथे आणली गेली. जगातील त्या काळच्या सर्वांत लांब वीजवाहिन्यांत या वाहिनीची गणना होई.

१९५६ मध्ये म्हैसूर राज्याने खाणी ताब्यात घेतल्या. १९६२ मध्ये त्या केंद्राकडे गेल्या आणि १९७२ मध्ये ‘भारत गोल्ड माइन्स लिमिटेड’ ही कंपनी स्थापन झाली. आरंभी एक टन दगडातून ४० ग्रॅमहून अधिक सोने निघे. अखेरीस ते ३ ग्रॅमच्या आसपास आले. खोली ३ किमी.च्या पुढे गेली, खर्च वाढत राहिला आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद झाल्या. सुमारे १२० वर्षांत येथून अंदाजे ८०० टन सोने निघाले.

कामगार व समाजजीवन : उत्तर अर्काट, सेलम, चित्तूर या भागांतून आलेल्या कामगारांनी हे शहर उभे केले. त्यांत तमिळ दलितांची संख्या फार मोठी होती. शहराची बोली आजही प्रामुख्याने तमिळच आहे. साहेबांचे बंगले, क्लब आणि हिरवळीमुळे परिसराला ‘छोटे इंग्लंड’ म्हणत. कामगारांची घरे मात्र ‘लाइन’ म्हटल्या जाणाऱ्या रांगांमधील एका खोलीची असत. खोलवरच्या खडकाचे तापमान ६० अंश सेल्सिअसच्या वर जाई आणि दाबाने खडक अचानक फुटून माणसे दगावत. दगडाच्या धुळीने होणाऱ्या सिलिकोसिस या फुप्फुसरोगाची भारतातील पहिली नोंद याच खाणींतील आहे.

या कष्टांतून जागृतीही आली. तमिळ विचारवंत पंडित अयोत्तिदासर यांच्या बौद्ध चळवळीची महत्त्वाची शाखा मारिकुप्पमला होती आणि त्यांचे लेखन छापून जपण्याचे मोठे काम याच शहरात झाले. १९३० मध्ये कामगारांनी अंगठ्याच्या ठशांच्या सक्तीविरुद्ध संप केला. १९४६ च्या संपात पोलिसांच्या गोळीबारात सहा कामगार मारले गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५४ मध्ये येथे भेट दिली होती.

विज्ञानातील स्थान : जमिनीवर सतत आदळणाऱ्या विश्वकिरणांपासून उपकरणांना वाचवण्यासाठी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या खाणींची खोली निवडली. ओसाका व डरहॅम विद्यापीठांच्या साथीने १९६५ मध्ये सुमारे २.३ किमी. खोलीवर वातावरणातील न्यूट्रिनो या मूलकणांच्या खुणा प्रथमच मिळाल्या. पुढे १९८० च्या दशकात प्रोटॉनच्या ऱ्हासाचा शोधही येथे घेतला गेला.

वारसा व जतन : शाफ्टवरचे (खाणीच्या उभ्या विवरांवरचे) लोखंडी मनोरे, चर्च, क्लब, बंगले आणि गाळाचे भुरकट डोंगर पाहणाऱ्याला सहज दिसतात. या डोंगरांना स्थानिक लोक ‘सायनाइड डंप’ म्हणतात. दगडाची भुकटी सायनाइडने धुऊन सोने काढल्यावर उरलेला हा गाळ आहे. वाऱ्याबरोबर उडणारी त्याची धूळ आजही लोकांच्या घरात शिरते, म्हणून येथील वारशाचा विचार लोकांच्या आरोग्यापासून वेगळा करता येत नाही. परिसरातील लाव्हा व ज्वालामुखीजन्य खडकांना भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिला आहे.

शहराची आठवण टिकवण्याचे काम मुख्यतः येथील माणसांनीच केले. ब्रिजेट व्हाइट-कुमार यांनी केजीएफमधील अँग्लो-इंडियन घरांचे जीवन आणि त्या घरांतील पाककृती पुस्तकांत उतरवल्या. इतिहासकार जानकी नायर यांनी ‘मायनर्स अँड मिलहँड्स’ (१९९८) या ग्रंथात कामगारांचा इतिहास मांडला. अलीकडच्या चित्रपटांनी केजीएफ हे नाव देशभर पोहोचवले. मात्र २०१८ च्या गाजलेल्या ‘केजीएफ’ची कथा काल्पनिक आहे. ‘तंगलान’ (२०२४) या तमिळ चित्रपटाने खाणी खोदणाऱ्या दलितांना कथेच्या केंद्रस्थानी आणले.

कंपनीच्या दप्तरात खोली, टनेज आणि हजेरी सापडते. पाळी सुटल्यावर लिफ्टच्या पिंजऱ्यातून वर येणाऱ्याची वाट पाहणारे घर, खडक फुटण्याआधी कानावर येणारा आवाज, लाइनमधली भाषा आणि सण हे तिथे नोंदलेले नाही. जमिनीखाली हजार किलोमीटरहून अधिक लांबीचे बोगदे आहेत, पण पंप थांबल्यापासून ते पाण्याने भरत गेले. तिथे पुन्हा उतरता येणार नाही. खाली काम केलेली माणसे आता वयस्कर झाली आहेत आणि त्यांची पुढची पिढी रोज पहाटे रेल्वेने बंगळूरला कामावर जाते. या वयस्कर माणसांचे बोलणे वेळेत ध्वनिमुद्रित झाले, घरातील ओळखपत्रे व छायाचित्रे जपली गेली आणि ती शाळांतल्या मुलांपर्यंत पोहोचली, तरच या शहराचा जमिनीखालचा भाग पुढच्या पिढीला कळेल.