नक्कल, खिळे आणि घरातली ‘निर्णयसागर’

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील आमचे पिंपळनेर हे पांझरेच्या काठचे बाजाराचे गाव. मागल्या खेपेस गेलो असता मुख्य रस्त्यावरच्या एका मोबाइलच्या दुकानात थोडा वेळ बसलो होतो. दुकानदाराने काचेवर दोन फोन शेजारी शेजारी मांडले होते. एक नामांकित कंपनीचा, दुसरा त्याच्या निम्म्याहूनही कमी किमतीचा. कोपऱ्यांची गोलाई तीच, पाठीवरच्या कॅमेऱ्यांची मांडणी तीच, कडेची धातूची पट्टीही तशीच. पाड्यावरून आलेल्या एका तरुणाने स्वस्तातला फोन उचलून विचारले, “भाऊ, हाऊ तोच शे का?” दुकानदार शांतपणे म्हणाला, “तोच नही, पन तसाच शे.”

सौंदर्यशास्त्राच्या वर्गात अनुकृतीविषयी बरेच काही शिकलो आणि पुढे शिकवलेही. पण ‘तोच’ आणि ‘तसाच’ यांतला भेद इतक्या थोडक्यात मांडलेला माझ्या ऐकण्यात नव्हता. या उत्तराने मला अस्वस्थही केले, कारण याच भेदाचा एक प्रश्न आमच्या घरात कित्येक वर्षे अनिर्णित पडून होता.

आमच्या देवघरात एक छापील पोथी आहे. सुटी आडवी पाने, लाल बासन, पहिले आणि शेवटचे पान गहाळ. आजोबा तिला ‘निर्णयसागर’ म्हणत. तिचे नाव काय, ग्रंथ कोणता, हे नंतर. घरात कोणी शुद्ध पाठाचा वाद काढला की “निर्णयसागर काढा” एवढे म्हटले की वाद मिटे. पुढे मुद्रणाच्या इतिहासाची गोडी लागल्यावर मी नामपत्र शाबूत असलेले निर्णयसागरचे एक जुने पुस्तक मिळवले आणि भिंग घेऊन दोहोंची अक्षरे ताडून पाहू लागलो. वळण एकच होते. मात्र पोथीतील अक्षर किंचित लहान, वेलांट्यांची टोके बोथट आणि ‘ण’च्या पोटातला कोपरा बुजलेला. याचा अर्थ काय, हे समजून घ्यायला मुंबईच्या खिळ्यांच्या इतिहासात शिरावे लागते. आणि तो इतिहास आरंभापासूनच स्पर्धेचा आणि नकलेचा आहे.

मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यातून १८१७ साली मराठी मजकूर छापून निघू लागला. मिशनऱ्यांची छपाई पाहून गणपत कृष्णाजींना आपणही असे यंत्र करावे आणि त्यावर हिंदू धर्मग्रंथ छापावेत असे वाटले. गोविंद नारायण माडगांवकरांनी ‘मुंबईचे वर्णन’ (१८६३) या ग्रंथात त्यांची खटपट नोंदवली आहे : लाकडी दाबयंत्र स्वतः घडवायचे, दगडावर प्रयोग करायचे, शाईही घरीच करायची. १८३१ साली त्यांनी शिळाछापावर पंचांग छापले आणि पुढे स्वतःचे खिळेही पाडले. छापील शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातली मंडळी छापील कागदाला शिवत नसत. त्यासाठी त्यांनी तुपाची शाई केली, असे सांगितले जाते. ज्या यंत्राने त्यांच्या धर्माविरुद्ध पत्रके निघत होती, त्या यंत्राची ही उघड नक्कल होती. तिला चोरी म्हणण्याचे धाडस मात्र आजवर कोणी केलेले नाही.

छापील पोथी स्वतःच आणखी एक नक्कल होती. पुस्तक बांधीव करता येत असताना पाने सुटी आणि आडवी ठेवायची, चहूबाजूंनी रेघांची चौकट आखायची, बोरूच्या कापाची जाडी अक्षराला द्यायची, हे सारे हस्तलिखिताचे अनुकरण होते. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरातील हस्तलिखिते पाहून आलेल्याला हे साम्य वेगळे दाखवावे लागत नाही. नवी वस्तू आपला नवेपणा लपवते, कारण वाचकाला तिची धास्ती वाटू नये. अ‍ॅपल कंपनीने २०१० साली आपल्या वाचनाच्या अ‍ॅपला लाकडी फळ्यांच्या कपाटाचे रूप दिले आणि २०१३ सालच्या नव्या प्रणालीत असली रूपे टाकून दिली; सुट्या पानांच्या छापील पोथीपासून हे फार दूर नाही. पोथीने मात्र आपले जुने रूप कितीतरी अधिक काळ सांभाळले.

या सर्व काळात अक्षर सुधारत होते ते मिशनच्याच ओतशाळेत. थॉमस ग्रॅहम या कारागिराने तेथे अधिक बारीक आणि अधिक रेखीव मराठी खिळे तयार केले. देवनागरीचा खिळा पाडणे म्हणजे केवळ पन्नासेक अक्षरे कोरणे नव्हे. वर मात्रा-वेलांटी, खाली उकार, मध्ये जोडाक्षरे. ‘डिग्री’ नावाच्या पद्धतीत ओळीचे थर करून काना-मात्रांचे खिळे वेगळे बसवत. ‘अखंड’ पद्धतीत अक्षर आणि चिन्ह एकाच खिळ्यावर ओतत. पहिलीत जुळाऱ्याची कसोटी, दुसरीत खिळ्यांची संख्या शेकड्यांनी वाढणारी. प्रत्येक खिळ्यासाठी आधी पोलादी पंच कोरायचा, तो तांब्यात ठोकून साचा करायचा आणि मग साच्यात शिशाचा रस ओतायचा. एका संचाच्या पंचांत कारागिराच्या आयुष्याची कैक वर्षे जात.

याच मिशनच्या छापखान्यात जावजी दादाजी चौधरी (१८३९–१८९२) हा मुलगा दरमहा दोन रुपयांवर खिळे घासण्याच्या कामाला लागला. ओतलेल्या खिळ्याच्या कडा घासून साफ करणे हे त्या कारखान्यातले सर्वांत हलके काम. परंतु अक्षराचा चेहरा बोटांना पाठ व्हावा अशी दुसरी शाळा नाही. पुढे ‘टाइम्स’ आणि ‘इंदुप्रकाश’ यांच्या छापखान्यांतून अनुभव घेऊन जावजींनी १८६४ साली स्वतःची टाइप फाउंड्री काढली आणि १८६९ साली ‘निर्णयसागर’ छापखाना. रानोजी रावजी आरू हा पंच कोरणारा कारागीर त्यांच्या सोबतीला होता. छापखान्याचे नाव ज्या पंचांगाने घरोघर नेले, तेही गणपत कृष्णाजींनी आधी मळलेल्या वाटेवरचेच. १८८६पासून पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांच्या संपादनाखाली ‘काव्यमाला’ निघू लागली आणि काळबादेवीच्या कोलभाट लेनमधून निघणारी संस्कृत पुस्तके काशीपासून युरोपातील विद्यापीठांपर्यंत पोहोचली.

ग्रॅहमच्या हाताखालून निघालेल्या माणसांनी ग्रॅहमच्या अक्षरापेक्षा देखणे अक्षर घडवले. यात ‘मूळ’ कोणते आणि ‘नक्कल’ कोणती? मिशनचे पहिले खिळे बंगालकडून आलेले, ते बंगाली कारागिरांनी उत्तरेकडील हस्ताक्षरावरून बेतलेले. ग्रॅहमने त्याला मराठी बाळबोध वळणाकडे आणले. रानोजींनी ते वळण पक्के केले. मला विचाराल तर या साखळीत नकलेचा दोष कोणाच्याच माथी मारता येत नाही, कारण प्रत्येकाने पंच पुन्हा स्वतः कोरला आहे. हाताने पुन्हा कोरताना कारागीर आधीच्या अक्षराचा विचार करतोच. कुठे पटते, कुठे पटत नाही, ते त्याच्या छिन्नीतून उतरते.

परंतु एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून छिन्नीवाचून नक्कल करण्याची युक्ती जगभरच्या ओतशाळांच्या हाती आली होती. प्रतिस्पर्ध्याचा कोरा करकरीत खिळा विकत आणायचा, मोरचुदाच्या द्रावणात टांगायचा, विजेचा प्रवाह सोडायचा. खिळ्याच्या चेहऱ्यावर तांब्याचा थर चढतो; तो सोलून मागून धातूने भरला की साचा तयार. कोरण्यात गेलेली वर्षे काही दिवसांवर येतात. या कृतीची खूण एकच : ओतलेला धातू निवताना किंचित आकसतो, म्हणून अशा साच्यातले अक्षर मुळाहून जरासे लहान भरते आणि बारीक कोपरे बुजतात. आमच्या पोथीत मला दिसले ते हेच.

येथे घाई करून चालणार नाही. निर्णयसागरची फाउंड्री आपले खिळे इतर छापखान्यांना विकत असे. म्हणजे ज्यांच्याशी पुस्तकांच्या बाजारात स्पर्धा, त्यांच्याच हाती आपला चेहरा द्यायचा! अनेक वर्षे वापरून झिजलेला अस्सल खिळाही बोथट छापतो. झिजल्याने अक्षर जाड होईल, आकसणार नाही, एवढाच काय तो फरक. आणि जुना कागदही दमट हवेत ताणतो-आकसतो. नामपत्र नसलेल्या पुस्तकाचा छापखाना केवळ अक्षरवळणावरून ठरवण्याची सवय आपल्याकडील अभ्यासकांना आहे, विद्यार्थ्यांनाही आपण ती लावतो. ती फार सांभाळून वापरली पाहिजे. ‘निर्णयसागरी अक्षर’ हे एका छापखान्याचे नाव न राहता एका वळणाचे नाव झाले, त्यात त्या छापखान्याचे यश जेवढे आहे तेवढीच त्याच्या नामोनिशाणीची झीजही आहे.

या वळणावर कोणाचा हक्क? अमेरिकेत दृश्य रूपाला संरक्षण देणारा कायदा १८४२ साली झाला आणि त्याखाली नोंदले गेलेले पहिले पेटंट, क्रमांक १, हे न्यूयॉर्कच्या जॉर्ज ब्रूस या ओतशाळावाल्याच्या छपाईच्या खिळ्यांना मिळाले. वस्तूच्या चेहऱ्यावर मालकी सांगण्याची ही कायद्याची वाट प्रथम अक्षराने वहिवाटली. त्याच वाटेने पुढे गालिचे गेले : १८८५ साली गालिच्याच्या नक्षीची नक्कल सिद्ध होऊनही न्यायालयाने भरपाई दिली ती सहा सेंट, त्यावर ओरड होऊन १८८७ साली नकलेचा संपूर्ण नफा मूळ मालकाला देणारा कायदा आला. सव्वाशे वर्षांनी, २०११ साली, अ‍ॅपलने सॅमसंगविरुद्ध दावा लावला तो याच कायद्याच्या आधारे. फोनच्या काळ्या सपाट दर्शनी भागाचे पेटंट क्रमांक ६,१८,६७७, म्हणजे ब्रूसच्या खिळ्यांच्याच रांगेत मागे उभे असलेले. सॅमसंगने दोन्ही फोन पडदा-पडदा ताडून पाहिल्याचा १३२ पानांचा अंतर्गत अहवाल खटल्यात पुढे आला. आणि गंमत अशी की त्याच काळात आयफोनमधील प्रोसेसर सॅमसंगच्याच कारखान्यात तयार होत होते. २०१२ साली ज्यूरीने सुमारे १०५ कोटी डॉलर भरपाई ठरवली. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने विचारले, चेहऱ्याची नक्कल केली म्हणून अख्ख्या फोनचा नफा का द्यायचा? २०१८ साली दुसऱ्या ज्यूरीने ५३.९ कोटी ठरवले, आणि त्यानंतर सुमारे महिन्याभराने उभयतांनी तडजोड केली.

ज्या अक्षराने ही वाट पाडली, ते स्वतः मात्र पुढे बरेचसे उघड्यावर राहिले. १९७८ साली अमेरिकेतील न्यायालयाने टंकाच्या रूपाला कॉपीराइट नाकारला. आपल्याकडे २००२ साली ‘आनंद एक्स्पांडेड इटालिक्स’ या टंकाच्या प्रकरणात कॉपीराइट मंडळाचा निर्णय तसाच झाला. अक्षराचा आकार खाजगी झाला तर वाचणे-लिहिणेच खाजगी होईल, अशी त्यामागची भीती. ती मला रास्त वाटते. तरी रानोजींसारख्यांच्या बाबतीत मनाला एक गोष्ट लागून राहते. हक्क नाही तर नाही, पण नावही नाही. काव्यमालेच्या पुस्तकांवर संपादक आहे, प्रकाशक आहे, पत्ता आहे. ज्याच्या हाताने अक्षर घडले तो नाही. अ. का. प्रियोळकर आणि बापूराव नाईक यांनी मुद्रणाचा इतिहास खणून काढला नसता तर आज ही नावेही आपल्या हाती लागली नसती.

आणि नाव नसण्याचा परिणाम अक्षरावरही होतोच. मुंबईच्या ओतशाळांनी पक्के केलेले ‘ल’ आणि ‘श’ यांचे मराठी वळण राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने पुन्हा प्रमाण ठरवले. पिंपळनेरच्या त्या काचेवरील दोन्ही फोन मी मुद्दाम सुरू करून पाहिले. चेहऱ्याबाबत एकमेकांशी झुंजणाऱ्या त्या दोन फोनांत ‘ल’ आणि ‘श’ मात्र दोघांचेही उत्तरेकडच्या वळणाचेच होते. काही टंकांत मराठी वळण दडवून ठेवलेले असते, पण मजकुराची भाषा मराठी असल्याची खूण यंत्राला दिल्यावाचून ते उमटत नाही. ही खूण द्यायची असते हे दुकानदाराला ठाऊक नव्हते, आणि विचारणारेही आजवर कोणी आले नव्हते.

पोथीचा निकाल माझ्यापुरता लागला आहे. ती आजोबा म्हणत तशी निर्णयसागरची नसावी. कोण्या दुसऱ्या ओतशाळेने त्या अक्षराचा साचा घेऊन पाडलेल्या खिळ्यांवर ती छापली असावी. पाठ मात्र मी पाच-सहा अध्याय ताडून पाहिला, आणि तो चोख आहे. ज्याने खिळे उचलले त्याने मुद्रिते प्रामाणिकपणे तपासली होती. घरी हे अजून कोणाला सांगितलेले नाही. श्रावण लागला की आई म्हणते, निर्णयसागर काढ. आणि मी बासन सोडून तीच पोथी तिच्या पुढ्यात ठेवतो.